इंजिन उघडण्याआधी

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही गॅरेजात शिरा, काचेच्या टेबलावर जॉब कार्डांचा गठ्ठा दिसेल. वरच्या कोपऱ्यात तारीख, वेळ, गाडीचा नंबर आणि किलोमीटर. मधोमध गाडीची चारी बाजूंनी काढलेली आकृती. तिच्यावर पोचे आणि ओरखडे फुल्या मारून दाखवायचे. शेजारी इंधनाच्या काट्याचं छोटं चित्र. 'ग्राहकाची तक्रार' या रकान्यात घाईच्या अक्षरात 'जनरल सर्व्हिसिंग, ब्रेकला आवाज' एवढंच. खाली मालकाची सही, तिच्या खाली सुपरवायझरची. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात अटी छापलेल्या असतात. त्या आजवर कुणी वाचल्या असतील तर वकिलांनी.

समजा, अशा एका कार्डावर सही करून दुसऱ्या दिवशी गाडी ताब्यात घेतली. त्याच्या पुढच्या सकाळी मुंबईला निघालो. पाथर्डी फाटा, विल्होळी, घोटीचा टोल, इगतपुरी मागे पडलं आणि कसारा घाट लागायच्या सुमारास डॅशबोर्डवर तेलाच्या झारीचं लाल चित्र पेटलं. थोड्या वेळाने खडखड, मग एक धक्का, मग शांतता. इंजिन जाम. टोचन करून गाडी परत अंबडला.

मालक म्हणतो, "परवाच तर सर्व्हिसिंग केलंय तुम्ही." गॅरेजवाला म्हणतो, "साहेब, लाल दिवा लागल्यावरसुद्धा गाडी ओढलेली दिसतेय." गंमत अशी की दोघंही खरं बोलत असू शकतात.

इतिहासकार राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड 1898 साली काढला तेव्हा एक भेद ठासून मांडला होता. बखर वेगळी आणि अस्सल पत्र वेगळं. बखर घटना घडून गेल्यावर, निकाल माहीत असताना, कुणाच्या तरी सोयीने लिहिली जाते. पत्र त्या दिवशी, त्या घाईत, पुढे काय होणार हे ठाऊक नसताना लिहिलेलं असतं. जाम झालेल्या इंजिनाच्या भांडणालाही हाच भेद लागू पडतो. गाडी परत आल्यावर मालक जे सांगतो ती बखर, आणि गॅरेजवाला जे सांगतो तीही बखर. त्याआधी लिहिलं गेलेलं जॉब कार्ड मात्र अस्सल पत्र आहे, आणि त्यावर दोन्ही पक्षांच्या सह्या आहेत.

असे अस्सल कागद मोजायला बसलं तर बरेच सापडतात. बिलावर तेलाचा दर्जा आणि लिटर लिहिलेले असतात. इंजिनाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या मापाशी ते जुळतात की नाही हे कुणालाही दोन मिनिटांत बघता येतं. गेटपासवर गाडी बाहेर पडल्याची वेळ असते. फास्टॅग फेब्रुवारी 2021 पासून सक्तीचा झाला, त्यामुळे घोटीच्या नाक्यावरून गाडी किती वाजता गेली हे सेकंदासकट बँकेच्या खात्यात उमटलेलं असतं. टोचनवाल्याची पावती असते, आणि मदतीसाठी केलेल्या पहिल्या फोनची वेळ असते. गेटपास ते फोन, या मधल्या किलोमीटरांवर सगळा दावा उभा असतो.

पण हे कागद 'केव्हा' सांगतात. 'का' हे फक्त एकाच दस्तऐवजावर लिहिलेलं असतं, आणि तो दस्तऐवज म्हणजे खुद्द इंजिन. ताम्रपटासारखं ते धातूवर कोरलेलं असतं. दुर्दैव हे की वाचायच्या आधीच हा ताम्रपट पुसला जातो. "खोलून बघावं लागेल साहेब" असं मिस्त्री म्हणतो, मालक मान हलवतो, आणि तासाभरात तेल सामाईक पिंपात, फिल्टर भंगाराच्या ढिगात, ड्रेन बोल्टचा वायसर झाडूखाली आणि बेअरिंगं चिंधीने स्वच्छ पुसून ट्रेमध्ये. यात लबाडी असेलच असं नाही, बहुतेक वेळा ती केवळ टापटीप असते. पण पुढे दोन वर्षं ग्राहक आयोगात जे भांडण चालतं, त्याचा निकाल बरेचदा या तासाभरातच लागून गेलेला असतो.

नाशिककरांना इंजिन परकं नाही. सातपूरच्या बॉशच्या कारखान्याला जुनी माणसं अजून मायको म्हणतात, आणि मायको सर्कल तर नकाशावरच आहे. त्या कारखान्यात डिझेलच्या नोझल आणि इंजेक्टर घडवताना मायक्रॉनमध्ये बोललं जातं. महिंद्राचा गाड्यांचा कारखाना सातपूरला, इंजिनांचा इगतपुरीला. ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये मिगपासून सुखोईपर्यंतची लढाऊ विमानं बांधली गेली आणि त्यांचं ओव्हरहॉल होतं. म्हणजे कुठला बोल्ट कुणी कधी आवळला याची नोंद ठेवण्याची विद्या या शहराच्या एका टोकाला रोज पाळली जाते. दुसऱ्या टोकाला गाडी गॅरेजात टाकताना तिची आठवण कुणाला होत नाही.

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर प्रश्न फार जुना आहे. आपली वस्तू दुसऱ्याच्या हाती सोपवली, ती त्याच्याकडे असताना बिघडली. भरपाई कुणी द्यायची? मनूच्या अठरा व्यवहारपदांत, म्हणजे दाव्यांच्या प्रकारांत, ऋणादानानंतर दुसरा क्रमांक निक्षेपाचा, म्हणजे ठेवीचा आहे. नारदस्मृती त्याहून पुढे जाते. ठेवीचा जो नियम तोच कारागिराच्या हाती कामासाठी दिलेल्या वस्तूलाही, असं ती सांगते. सोनाराकडे दिलेलं सोनं, विणकराकडे दिलेलं सूत. आजची गाडी त्याच रांगेत उभी राहते. महामहोपाध्याय काणे यांनी 'धर्मशास्त्राचा इतिहास' या ग्रंथात ही सगळी चर्चा ओळीने मांडली आहे. ठेव राखणाऱ्याला सूटही होती. राजा, दैव किंवा चोर यांच्यामुळे वस्तू गेली तर तो देणेकरी नाही, असं याज्ञवल्क्य म्हणतो.

1872 च्या करार कायद्याने हाच विचार इंग्रजी साच्यात ओतला, आणि त्याला मराठीत शब्दही 'निक्षेप' हाच मिळाला. कलम 151 म्हणतं की वस्तू सोपवून घेणाऱ्याने तिची तेवढी काळजी घ्यावी जेवढी साधारण शहाणा माणूस त्या परिस्थितीत स्वतःच्या वस्तूची घेईल. कलम 152 म्हणतं की एवढी काळजी घेतली असेल तर नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर नाही. आणि कलम 170 गॅरेजवाल्याच्या बाजूचं आहे: वस्तूवर मेहनत किंवा कौशल्य खर्च केलं असेल तर मोबदला मिळेपर्यंत ती अडवून ठेवण्याचा त्याला हक्क आहे. कायद्यातली उदाहरणं जवाहिऱ्याची आणि शिंप्याची आहेत. बिल भरल्याशिवाय गाडी गेटबाहेर सोडत नाहीत, त्यामागचा आधार हा. नाराजी नोंदवून बिल भरणं आणि समाधानाची सही करून बिल भरणं, यात म्हणूनच जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता या कलमांचं आज न्यायालयात काय होतं, हे एका चांगल्या दस्तऐवजी प्रकरणातून दिसतं. त्यात इंजिन नाही, गाडी मात्र आहे. आणि एक कागदाचा तुकडा आहे.

1 ऑगस्ट 1998 ची रात्र, दिल्लीचं ताजमहाल हॉटेल. अकराच्या सुमारास एक गृहस्थ मारुती झेन घेऊन आले, किल्ली हॉटेलच्या माणसाकडे दिली, टोकन घेतलं आणि आत गेले. टोकनावर छापलं होतं की गाडी पाहुण्याच्या जोखमीवर लावली जात आहे, चोरी किंवा नुकसान झाल्यास व्यवस्थापन जबाबदार नाही. आपल्या जॉब कार्डाच्या पाठीवर छापलेल्या ओळींचं हे सख्खं भावंडच. एकच्या सुमारास ते बाहेर आले तर गाडी नाही. तीन तरुण आपली गाडी घेऊन हॉटेलात आले होते. परत जाताना त्यांनी गाडी मागवली, आणि त्या गडबडीत एकाने झेनची किल्ली उचलली. पहारेकऱ्याने अडवायचा प्रयत्न केला, पण गाडी सुसाट निघून गेली.

विमा कंपनीने मालकाला 2 लाख 80 हजार रुपये दिले आणि मग मालकाला बरोबर घेऊन ती हॉटेलच्या मागे लागली. राज्य आयोग, राष्ट्रीय आयोग, पुन्हा राज्य आयोग असा फेरा होऊन 14 नोव्हेंबर 2019 ला सर्वोच्च न्यायालयात निकाल लागला. एका झेनसाठी एकवीस वर्षं. न्यायालयाने सांगितलेली गोष्ट प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर लावण्यासारखी आहे. गाडी ताब्यात दिली, किल्ली दिली, एवढं सिद्ध झालं की निक्षेप झाला. वस्तू जशी दिली तशी परत आली नाही तर आपण पुरेशी काळजी घेतली होती हे दाखवण्याचं ओझं ती ताब्यात घेणाऱ्यावर जातं. हॉटेलने आधी आपली काळजी दाखवावी, मग टोकनावरच्या अटीच्या आड उभं राहावं. स्वतःच्या निष्काळजीपणातून छापील ओळ कुणाला सोडवत नाही. याज्ञवल्क्याने चोराच्या बाबतीत दिलेली सूट दिल्लीच्या या हॉटेलला काही मिळाली नाही.

हे वाचून मालकाला हुरूप येतो. पण ही एकच बाजू झाली.

त्याच न्यायालयाची दुसरी एक ओळ सलग चालत आली आहे. सेवेत उणीव होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदाराची, असं केएलएम विमान कंपनीच्या प्रकरणात 1999 मध्येच सांगून झालं होतं. 2021 मध्ये शेंगदाण्याच्या एका निर्यातीवरून ते पुन्हा सांगितलं गेलं. माल जहाजात चढताना एका तपासणी कंपनीने तो ठीक असल्याचं प्रमाणपत्र दिलं. परदेशात उतरताना माल ठरल्या दर्जाचा निघाला नाही. निर्यातदार म्हणाला, तपासणीच चुकली. न्यायालयाने विचारलं, चढताना तो तसाच होता हे कशावरून? मधल्या प्रवासाचं काय?

मधल्या प्रवासाचं काय, हाच गेटपास ते कसारा घाट या अंतराचा प्रश्न. हॉटेलातून गाडी परतच आली नाही, म्हणून ओझं हॉटेलवर गेलं. गॅरेजातून गाडी चालत बाहेर आली, मालकाने ती दोन दिवस चालवली. निक्षेप संपला. आता मालकाला दाखवावं लागतं की बिघाडाचं बी गॅरेजात पेरलं गेलं होतं. ते दाखवलं, निदान पटण्याजोगं दाखवलं, तर मग गॅरेजच्या आत काय घडलं हे सांगण्याची पाळी गॅरेजची, कारण ते फक्त त्यालाच ठाऊक असतं. पुरावा कायद्याचं जुनं कलम 106, नव्या भारतीय साक्ष अधिनियमाचं 109, हेच सांगतं. त्याखालचं उदाहरण शाळकरी पोरालाही कळेल असं आहे: रेल्वेत विनातिकीट प्रवासाचा आरोप असेल तर तिकीट होतं हे दाखवणं प्रवाशाचं काम. ग्राहक आयोगात पुरावा कायदा काटेकोरपणे चालत नाही, पण त्यामागची समज चालते.

नुसतं 'सर्व्हिसिंगनंतर बंद पडली' हे पुरेसं नाही, हे मालकांनी मनाला लावून घ्यायला हवं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडू शकते. फक्त तेल बदललेल्या गाडीचा टायमिंग बेल्ट आठवड्याने तुटला तर तेल बदलणाऱ्याचा त्यात काही हात नाही. बेल्ट तपासायला सांगितला होता का, एवढाच प्रश्न उरतो. आणि त्याचं उत्तर पुन्हा 'ग्राहकाची तक्रार' या रकान्यात असतं.

इंजिन हा दस्तऐवज नीट वाचला तर काय काय सापडतं, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चोख उदाहरण विमानाचं आहे. 5 मे 1983, ईस्टर्न एअरलाइन्सचं तीन इंजिनांचं ट्रायस्टार विमान सकाळी मायामीहून बहामातल्या नासाऊला निघालं. विमानात 172 माणसं. नासाऊला उतरण्याच्या बेतात असताना मधल्या इंजिनाच्या तेलाचा दाब घसरल्याचा दिवा लागला. कप्तानाने ते इंजिन बंद केलं आणि हवामान बरं म्हणून मायामीला परतायचं ठरवलं. थोड्याच वेळात उरलेल्या दोन्ही इंजिनांचे तेलाचे काटे शून्यावर. तिन्ही इंजिनांचं तेल एकाच वेळी संपेल हे कुणाला पटणार? वैमानिकांना वाटलं, काटेच बिघडले असणार. मग एक इंजिन विझलं, पाच मिनिटांनी दुसरं. विमान सुमारे 13,000 फुटांवरून समुद्राकडे घसरू लागलं. प्रवाशांनी लाइफ जॅकेट घातली. सुमारे 4,000 फुटांवर असताना, आधी स्वतःहून बंद केलेलं मधलं इंजिन पुन्हा सुरू झालं, आणि त्या एकाच इंजिनावर विमान मायामीला उतरलं. कुणाला खरचटलंही नाही.

विमान अखंड परत आलं, त्यामुळे तिन्ही इंजिनं जशीच्या तशी तपासणाऱ्यांच्या हाती पडली. तेलाच्या वाटेत एक चुंबकी खुंटी असते. झिजलेल्या धातूचे कण तिला चिकटतात आणि इंजिनाचं दुखणं लवकर कळतं. आदल्या रात्री तिन्ही इंजिनांच्या या खुंट्या बदलल्या होत्या. प्रत्येक खुंटीला दोन ओ-रिंग, रबरी कडी, लागतात. तिन्ही खुंट्यांवर एकही नव्हतं. तेल त्या फटींतून वाहून गेलं होतं. इंजिनाचं आयुष्य वाढावं म्हणून केली जाणारी तपासणीच इंजिनांच्या मुळावर आली.

यानंतरची कागदांची चौकशी वाचण्यासारखी आहे. कामाच्या कार्डावर स्पष्ट छापलं होतं: नवी ओ-रिंग लावून खुंटी बसवा. त्या पायरीपुढे मेकॅनिकच्या सह्या होत्या. म्हणजे कागद म्हणतो लावली, धातू म्हणतो नाही लावली. मेकॅनिक खोटं बोलत होते का? चौकशीत वेगळंच निघालं. एरवी या खुंट्या फोरमनच्या कपाटात ओ-रिंगसकट तयार ठेवलेल्या मिळायच्या. त्या रात्री कपाटात नव्हत्या, म्हणून भांडारातून आणल्या. त्यांच्यावर वापरायला योग्य असल्याची चिठ्ठी होती, त्यामुळे नेहमीसारखंच कडं असणार असं धरून चाललं गेलं. बसवल्यावर इंजिन स्टार्टरवर थोडा वेळ फिरवून गळती पाहिली. तेवढ्यात ती दिसली नाही. सही ही पाहिल्याची नव्हती, सवयीची होती. आपल्याकडच्या जॉब कार्डावरच्या टिक-खुणा याहून वेगळ्या नसतात. दहा ओळी, दहा टिका, सगळ्या एकाच झटक्यात, एकाच तिरक्या कोनात.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने दोष एकट्या मेकॅनिकवर ठेवला नाही. कार्यपद्धती न पाळणारे मेकॅनिक, ती पाळली जाते की नाही हे न पाहणारे वरिष्ठ, आणि अशाच घटना आधी घडूनही त्यांचा अर्थ न लावणारी कंपनी, असे तिघे अहवालात ओळीने आहेत. इतकं निर्विवाद सिद्ध झालं. पुढे मनस्तापाच्या भरपाईसाठी काही प्रवासी न्यायालयात गेले आणि ते प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं. 1991 चा निकाल त्यांच्या विरुद्ध लागला. शारीरिक इजा नसेल तर नुसत्या मानसिक त्रासासाठी आंतरराष्ट्रीय विमान करारात भरपाई नाही. दोष कुणाचा हे ठरणं आणि हाती काही पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात असलेलं बरं.

परत अंबडला येऊ. मायामीला रबर नव्हतं. आपल्याकडे नेमका उलटा घोळ होतो. तेलाचा फिल्टर काढताना त्याची जुनी गॅस्केट कधीकधी इंजिनाच्या तोंडाशीच चिकटून राहते. घाईत नवा फिल्टर तिच्यावरच चढतो. रबरावर रबर. गॅरेजात इंजिन सुरू करून पाहिलं तर थेंब नाही. हायवेला दाब वाढला की एक रबर सरकतं आणि चेंबरमधलं तेल थोड्या अंतरात रस्त्यावर. तो फिल्टर गाडीवर असतानाच, मालकासमोर, फोटो काढत खोलला तर दोन गॅस्केट स्वच्छ दिसतात आणि वाद तिथेच संपतो. भंगारात गेलेल्या फिल्टरबद्दल मात्र दोन्हीकडचे वकील हवं ते बोलू शकतात.

ड्रेन बोल्टचंही तसंच. चेंबरच्या तळाला तो असतो, खाली तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा वायसर. बोल्ट जागेवर आहे का, हाताने फिरतो का, आटे चिरडलेत का, वायसर नवा चकचकीत की चपटा झालेला जुना, चेंबरला खालून दगडाचा ठोका बसलाय का. शेवटची खूण मालकाच्या विरुद्ध जाते, आणि ती प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. तेलाअभावी जाम झालेल्या इंजिनाची बेअरिंगं निळसर-काळी पडतात, वरचा मऊ थर वितळून खालचं तांबूस अंग दिसतं. तेल नव्हतं, एवढंच यातून कळतं. लाल दिवा पेटल्यावर गाडी किती चालली हे कळत नाही. ते इंजिनाच्या संगणकात साठलेल्या नोंदींत सापडू शकतं. बॅटरीची तार काढण्याआधी, कोड पुसण्याआधी त्या उतरवून घेतल्या तर. आणि दिव्यानंतर गाडी ओढल्याचं सिद्ध झालं तरी गॅरेज सुटत नाही. नुकसानीचा वाटा तेवढा कमी होतो.

पावसाळ्यात गॅरेजचा आवडता बचाव म्हणजे पाणी. "साहेब, पाण्यातून घातली असणार." गोदावरीचा पूर नाशिककर दुतोंड्या मारुतीवर मोजतात. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला, डोक्याला लागलं. इंजिनाचा दुतोंड्या मारुती म्हणजे एअर फिल्टर. पाणी आत ओढलं गेलं असेल तर त्याचा कागद सुरकुतलेला, चिखलाची रेघ उठलेली असते, आणि पाणी दाबलं जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकलेला असतो. फिल्टर कोरडा आणि रॉड सरळ असेल तर पाण्याची गोष्ट तिथेच बुडते. विमा कंपनीचा सर्व्हेअर येतो तोही आधी हेच बघतो. त्याच्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड वगळलेला असतो, त्यामुळे 'अपघात नाही, बिघाड आहे' असं लिहून तो निघून जातो. मालकाला तो अहवाल शत्रूचा वाटतो. खरं तर गॅरेजविरुद्धच्या दाव्यात तो त्रयस्थ माणसाने वेळेवर लिहिलेला उत्तम कागद असतो.

आयोगाकडे तपासणीची सोय आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 38 प्रमाणे, तपासल्याशिवाय दोष कळणार नाही अशा मालाचा नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे धाडता येतो. अहवालाला 45 दिवसांची मुदत आहे. अख्ख्या इंजिनाला सील कसं लावणार, हा गमतीचा प्रश्न नाही. तेलाची बाटली मात्र सील होते. तज्ज्ञ नेमून घेण्याची वाटही आहे. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या एका नव्या गाडीच्या प्रकरणात नेमलेल्या कमिशनरने दोषांची यादीच दिली होती, आणि 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष नाकारत बसलेल्या कंपनीला खडे बोल सुनावले. 2010 मध्ये फियाटच्या एका गाडीच्या इंजिनाच्या आवाजाचं भांडणही स्वतंत्र तज्ज्ञाच्या तपासणीपाशीच येऊन थांबलं. अडचण एकच. तज्ज्ञ येईपर्यंत इंजिन न उघडता ठेवायचं, म्हणजे गाडी महिनोन्‌महिने गॅरेजात उभी. पिंपळगावहून कांदा-द्राक्षं वाहणाऱ्या पिकअपच्या मालकाला हे परवडत नाही. तो स्वतः गाडी चालवून पोट भरत असेल तर कायदा त्याला व्यापारी न मानता ग्राहक मानतो, ही त्यातल्या त्यात दिलाशाची बाब.

दावा कुणावर लावायचा, यातही अनेक जण घसरतात. गोव्यातल्या एका माणसाने 2011 मध्ये टाटाची नवी गाडी घेतली आणि हाती पडली ती 2009 ची, 622 किलोमीटर चाललेली, खालून गंजलेली. खालच्या आयोगांनी डीलरबरोबर टाटा मोटर्सलाही धरलं. सर्वोच्च न्यायालयाने 18 फेब्रुवारी 2021 ला कंपनीला सोडलं. कंपनी आणि डीलर यांचा व्यवहार दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांमधला होता, आणि डीलरच्या करणीची कंपनीला माहिती होती हे कुणी मांडलं नव्हतं, सिद्धही केलं नव्हतं. दारावर कंपनीची पाटी असली म्हणजे आतल्या मिस्त्रीच्या हाताला कंपनी जबाबदार, असं आपोआप होत नाही.

नव्या कायद्याचा आणखी एक सापळा आहे. त्यात 'उत्पादन दायित्व' नावाचं स्वतंत्र प्रकरण आहे, सेवा देणाऱ्याच्या जबाबदारीचं कलम 85 त्यातच आहे, आणि उत्साही तक्रारदार तेच लावतो. पण त्या प्रकरणापुरती 'हानी'ची जी व्याख्या केली आहे तिच्यातून त्या वस्तूची स्वतःचीच हानी वगळलेली आहे. जाम झालेल्या इंजिनामुळे कुणी जखमी झालं तर ते प्रकरण कामाचं. नुसतं इंजिन गेलं तर नाही. त्यासाठी जुनाच सरळ रस्ता आहे, सेवेतली उणीव, आणि मुदत दोन वर्षांची.

कसाऱ्याहून टोचन करून आणलेली गाडी संध्याकाळी गॅरेजच्या दारात उतरते तेव्हा सुपरवायझर पुन्हा एक नवं जॉब कार्ड काढतो. तारीख, वेळ, किलोमीटर. गाडीची तीच आकृती. 'ग्राहकाची तक्रार' या रकान्यात तो सवयीने 'इंजिन जाम, खोलून पाहणे' एवढं लिहितो आणि कार्ड सहीला पुढे करतो. मालकाने पेन घ्यावं आणि त्याच ओळीच्या पुढे, जागा अपुरी पडली तर समासात, आपल्या हाताने लिहावं: माझ्या आणि सर्व्हेअरच्या समक्ष, फोटो काढून खोलावे; तेल, फिल्टर, ड्रेन बोल्ट व वायसर टाकू नये. मग सही करावी, आणि कार्बन कॉपी मागून घ्यावी.